काळ्या मातीचे छायाचित्र

आर्वीचा मुलूख कॅमेऱ्याला अवघड आहे. जमीन काळीभोर आणि तिच्यावर फुटलेला कापूस पांढराशुभ्र, हे दोन्ही एकाच चौकटीत धरू पाहणाऱ्याला दोहोंपैकी एकाला सोडावे लागते. मातीची ढेकळे दिसावीत म्हणून प्रकाश जास्त घेतला, तर बोंडांचे नुसते पांढरे डाग होतात. बोंडांतले तंतू जपले, तर सारे वावर कोळशाच्या थरासारखे सपाट काळे उमटते. या भागातले नावाजलेले गवळाऊ बैलही पांढरेच, त्यामुळे डवरणीचे छायाचित्र घेतानाही हीच अडचण पुढे येते. उघड्यावरच्या छायाचित्रणाचा इतिहास सहसा कॅमेऱ्याच्या सुधारणांचा म्हणून सांगितला जातो. आर्वीसारख्या ठिकाणी तो जमीन, ऊन, पाणी आणि वाट यांच्याशी चाललेल्या झटापटीचा इतिहास ठरतो.

वर्धा जिल्ह्याच्या वायव्य भागात हा तालुका आहे. पश्चिमेला वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा. उत्तर आणि पूर्व अंगाला सातपुड्याच्या फाट्यांतून उतरत आलेल्या सागाच्या टेकड्या. मध्ये कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आर्वी सुमारे २१ अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. छायाचित्राला खोली येते ती सावलीमुळे. सावलीच नसेल, तर उंचसखल जमीनही कागदासारखी सपाट दिसते. म्हणून या भागात उन्हाळ्यात कामाचा प्रकाश सकाळी तासदीड तास आणि संध्याकाळी तेवढाच मिळतो. मधल्या वेळात हवेत धूळ आणि उन्हाची थरथर असते, आणि लांबच्या टेकड्या फिकट पडत पडत दिसेनाशा होतात.

पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा १८३९ मध्ये झाली. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन आर्वीचा मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला. नदीपलीकडचा वऱ्हाड त्याच्या आदल्याच वर्षी निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. नवे राज्यकर्ते आणि नवे यंत्र या मुलखाच्या उंबरठ्यावर असे जवळजवळ एकदमच आले. मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसे सुरुवातीपासून होती. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. मात्र या मंडळींचे काम मुख्यतः शहरातले होते. शहराबाहेर कॅमेरा नेण्याचे काम प्रथम लष्करी अधिकाऱ्यांकडे आले.

मुंबई सरकारने १८५५ मध्ये तोफखान्यातील थॉमस बिग्ज यांना लेणी आणि देवळे यांची छायाचित्रे घेण्यासाठी नेमले. बिग्ज कागदी निगेटिव्ह वापरत. कागद आधी तयार करून बरोबर नेता येई आणि नंतर सवडीने धुता येई, त्यामुळे उष्ण मुलखातल्या प्रवासाला ही पद्धत सोयीची होती. पण कागदाच्या तंतूंमुळे चित्र जरा भरड येई. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत बारीकसारीक तपशील लखलखीत येत, आणि तिने लवकरच बाकीच्या पद्धती मागे टाकल्या.

ओली काच म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्या काळच्या उघड्यावरच्या कामाची कल्पना येत नाही. ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेले कोलोडियन काचेवर एकसारखे पसरायचे, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुवायची. थंड हवेत या सगळ्याला दहाएक मिनिटे मिळत. कडक उन्हात ईथर झपाट्याने उडून जाई आणि काच वाळू लागली की सगळे फुकट. म्हणून अंधारा तंबू कॅमेऱ्याच्या शेजारीच उभारावा लागे. त्या बंद तंबूत उकाडा, ईथरची वाफ आणि तिला आग लागण्याची भीती. बाहेरून धुळीचा कण आला, तर तो काचेवर धूमकेतूसारखा डाग उमटवी.

पाण्याचा प्रश्न वेगळाच होता. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. त्यांतले क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटला भेटले की द्रावण दुधाळ होते आणि महागडी चांदी तळाशी बसते. त्यासाठी ऊर्ध्वपातित किंवा साठवलेले पावसाचे पाणी लागे, आणि ते बंडीतून न्यावे लागे. काचा, रसायनांच्या बाटल्या, तिपाई, तंबू, पाण्याची भांडी असा सगळा संसार माणसांच्या डोक्यावर किंवा बैलांच्या मानेवर असे. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात निघाला, तेव्हा त्याच्या बरोबर तीसएक हमाल होते. छायाचित्राखाली नाव मात्र एकट्याचेच छापले जाई. चढावर काचांच्या पेट्या सांभाळून नेणाऱ्या त्या माणसांविना एकही चित्र झाले नसते. तरी छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांची नावे आढळत नाहीत, आणि ही त्या इतिहासातली मोठी उणीव आहे.

विदर्भाच्या बाबतीत या काळातले महत्त्वाचे नाव रॉबर्ट गिल यांचे आहे. मद्रास सैन्यातील हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्यासाठी नेमला गेला. मराठी वाचकाला गिल माहीत असतो तो पारो या तरुणीशी जोडलेल्या त्याच्या प्रेमकथेमुळे आणि ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे. छायाचित्रकार म्हणून त्याची ओळख त्या मानाने कमी आहे. कित्येक वर्षे खपून त्याने केलेली रंगीत चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक जळून गेली. छायाचित्रे मात्र उरली. तो दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा वापरत असे. त्याच्या काचा लहान असत, भिंगांचे नाभीय अंतर कमी असे, त्यामुळे चित्र लवकर घेता येई आणि जवळचे-लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येई. उघड्यावर काम करणाऱ्याला हा मोठाच आधार होता. त्याच्या छायाचित्रांवर आधारलेली दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनहून निघाली, त्यांना वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांचे लेखन होते. गिल यांनी अजिंठ्याबरोबर वऱ्हाडातील लोणार, मेहकर या ठिकाणची देवळे आणि परिसरही टिपला.

गिल, बिग्ज आणि त्यांच्यानंतरचे सरकारी छायाचित्रकार यांच्या यादीत लेणी, देवळे, किल्ले, मकबरे होते. जुन्या आर्वी तहसिलीतील आष्टी येथे मुहम्मद खान नियाझी यांचा देखणा मकबरा आहे. अशा वास्तूकडे कॅमेरा वळणे साहजिक होते. हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील पुरातन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली, तीही वास्तूंचीच. नुसती जमीन, नुसते शेत हा विषय सरकारी कामात बसत नव्हता. हिमालय, निलगिरी, महाबळेश्वर यांना ‘दृश्य’ म्हणून मान होता, कारण त्यांच्यात युरोपीय निसर्गचित्रांची ओळखीची ठेवण सापडे. सपाट कापूसपट्ट्याला तो मान नव्हता. हा सौंदर्याचा निवाडा बाहेरून आला होता, आणि तो पुढे आपल्याच लोकांनी फार काळ मुकाट मान्य केला.

१८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. १८६७ मध्ये आर्वीत नगरपालिका आली आणि त्याच वर्षी मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्धा नदी ओलांडून नागपूरला पोहोचली. रेल्वे आणण्यामागे मुख्य ओढ कापसाची होती. नदीवरच्या पुलाजवळ वसलेल्या गावाचे नाव पुलगाव पडले. पुलगावपासून आर्वीपर्यंतचा सुमारे ३५ किलोमीटरचा अरुंद रुळांचा फाटा १९१७ मध्ये सुरू झाला. लोक त्या गाडीला ‘शकुंतला’ म्हणत. छायाचित्रणाच्या दृष्टीने रेल्वेचा अर्थ सरळ होता: काचा न फुटता पोहोचू लागल्या, रसायने पार्सलने मागवता येऊ लागली, आणि फिरत्या छायाचित्रकाराला बंडीचा दिवसभराचा प्रवास वाचला.

काचेतही बदल झाला होता. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि १८८० नंतर अशा तयार काचा बाजारात सर्रास मिळू लागल्या. अंधारा तंबू घरी ठेवून फक्त कॅमेरा आणि काचांची पेटी घेऊन बाहेर पडणे शक्य झाले. चित्र क्षणाच्या अंशात उमटू लागले, त्यामुळे चालता बैल आणि हलते झाड प्रथमच धूसर न होता आले. पण विदर्भाच्या उन्हाने येथेही अडवले. जिलेटिन कोमट पाण्यात फुगते, त्याचे काठ काचेवरून सुटतात आणि पाणी आणखी तापले तर सगळा थर विरघळून वाहून जातो. दिवसभर खपून घेतलेले चित्र रात्री परातीत वितळताना पाहणे हा उष्ण मुलखातल्या छायाचित्रकारांच्या वाट्याचा अनुभव होता. त्यावर उपाय घरगुती वाटावेत असेच होते: धुण्याचे काम मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे करायचे, माठात निवलेले पाणी वापरायचे, काच तुरटीच्या पाण्यातून काढून थर घट्ट करायचा.

याहून गमतीची अडचण रंगांची होती. जुन्या काचांना फक्त निळा आणि जांभळा प्रकाश जाणवे. हिरवा त्यांना कमी दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. हर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून हिरव्या-पिवळ्याची जाणीव वाढवली; तांबड्यासह सगळे रंग ओळखणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या. तोपर्यंत फाल्गुनात पेटलेला पळस छायाचित्रात काळा येई. ज्या फुलाने या टेकड्यांची ओळख होते, तेच कॅमेऱ्याला जळक्या डहाळीसारखे दिसे. आकाशाचे उलट होते. निळे आकाश आणि पांढरे ढग दोन्ही काचेला सारखेच उजळ, म्हणून मृगाचे ढग दाटून आलेले असतानाही चित्रात नुसता कोरा पांढरा पट्टा उरे. काही छायाचित्रकार आकाशाची वेगळी काच घेत आणि छापताना दोन्ही जोडत. जुन्या निसर्गछायाचित्रांत ढग दिसले नाहीत, म्हणून त्या दिवशी आभाळ निरभ्र होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. पुढे पिवळ्या फिल्टरने आकाश गडद करता आले, आणि वऱ्हाडी पावसाळ्याला छायाचित्रात जागा मिळाली.

तालुक्याच्या गावांत छायाचित्रणाचा धंदा रुजला, तो घराबाहेर पडून नव्हे. लोकांना स्वतःचा, कुटुंबाचा, लग्नाचा फोटो हवा असे, आणि त्यासाठी स्टुडिओ पुरे होता. मात्र त्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर डोंगर, धबधबा, तळे, कमानीचा पूल. निसर्ग असा आधी पडद्यावर आला. कापूस पिकवणाऱ्या गावातला माणूस आपल्या वावरात उभा न राहता रंगवलेल्या धबधब्यापुढे उभा राहिला, यात त्याचा दोष नाही. फोटो ही सणासुदीची गोष्ट होती आणि वावर रोजचेच. जत्रांमध्ये याच पडद्याची फिरती आवृत्ती असे. तिपाईवर लाकडी पेटी, तिला मागून काळी बाही, पेटीच्या आतच धुण्याची सोय, आणि थोड्या वेळात हातात ओला फोटो. आर्वी हे हिंदू आणि मुसलमान दोघांनी मानलेल्या तेलंगरावांचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. अशा देवस्थानांच्या गर्दीत, उघड्यावर पण निसर्गाकडे पाठ करून, सामान्य माणसाची कॅमेऱ्याशी पहिली गाठ पडली.

वर्धा जिल्ह्यात उघड्या प्रकाशातल्या छायाचित्रणाचे खरे मोठे काम झाले, ते आर्वीपासून दूर नसलेल्या सेवाग्रामात. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. वऱ्हाडातल्या शेगावशी होणारा गोंधळ टाळण्यासाठी १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथे कनू गांधी या तरुणाला फोटो काढायची इच्छा झाली. घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले, त्यांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, उभे राहा-बसा असे सांगायचे नाही, आणि आश्रमाच्या पैशातून खर्च करायचा नाही.

या अटींनी एक शैली घडवली. फ्लॅश नाही म्हणजे झोपडीतल्या अंधारात थांबून राहणे, दारातून येणाऱ्या उजेडाची वाट पाहणे, किंवा माणूस बाहेर येईल तेव्हाच चित्र घेणे. उभे राहायला सांगायचे नाही म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या वेगाने स्वतः चालणे, आणि गांधीजी भराभर चालत. पैसा मोजका म्हणजे प्रत्येक चित्र घेण्याआधी विचार. रोलीफ्लेक्स छातीशी धरून वरून पाहण्याचा कॅमेरा. त्यामुळे नजर थोडी खालून लागते, क्षितिज खाली जाते आणि माणसामागे मोकळे आकाश उभे राहते. वर्ध्याच्या सपाट मुलखाला ही ठेवण फार शोभली. कनू गांधींच्या १९४८ पर्यंतच्या कामात गांधीजी तर आहेतच, पण त्यांच्या मागे कुडाच्या भिंती, काठीचे कुंपण, पायवाट आणि वर्ध्याचे ऊनही आहे. निसर्गछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नाही. या जमिनीचा प्रकाश इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी उतरवलेला नाही, असे तरीही म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर कॅमेरा हळूहळू मध्यमवर्गाच्या हातात आला. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा स्वस्त, दणकट कॅमेरा कित्येक मराठी घरांत पोहोचला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे येत. सूर्य पाठीमागे ठेवायचा आणि खटका दाबायचा. सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना उटीला निघाला आणि ‘इंदू’ फिल्म देशभर मिळू लागली. फिल्म महाग, म्हणून सहलीला गेलेले कुटुंब बारापैकी दहा चित्रे माणसांची घेई आणि उरलेल्या दोनांत देखावा. घराघरांतल्या अल्बममध्ये निसर्ग कमी दिसतो, त्याचे कारण हा हिशेब आहे. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरे. काळ्या मातीचा चिखल तर इतका चिकट, की त्यात रोवलेली तिपाई काढताना पायासकट ढेकूळ वर येई.

याच काळात मराठीत निसर्गछायाचित्रण म्हणजे सह्याद्री, हे समीकरण पक्के झाले. गो. नी. दांडेकर जन्माने विदर्भातले, परतवाड्याचे. पण त्यांचा कॅमेरा आणि त्यांची लेखणी दोन्ही किल्ल्यांवर रमले. पुढे हवाई छायाचित्रणातही तेच झाले. उद्धव ठाकरे यांचे ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक २०१० मध्ये आले, त्याचा विशेषही वरून दिसणारे दुर्गच. सह्याद्रीला उंची आहे, कडे आहेत, सकाळचे धुके आहे. त्याचे चित्र निम्मे आधीच तयार असते. काळ्या मातीच्या सपाटीवर चित्र छायाचित्रकाराला घडवावे लागते. धुऱ्यावरचे एकटे बाभळीचे झाड, नांगरटीच्या समांतर रेघा, वेचणीला वाकलेल्या बायांची रांग यांपलीकडे तिथे धरायला काही नसते. यासाठी वर्षभर त्याच वाटेने जावे लागते.

असे सपाट मुलखातले छायाचित्रण शिस्तीने केले ते पुरातत्त्वज्ञांनी. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारचे उत्खनन १९६७ मध्ये झाले; नदीपलीकडच्या कौंडिण्यपूरचे उत्खनन डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी केले. उत्खननाच्या चित्रात मापपट्टी असते, दिशा दाखवलेली असते आणि ऊन तिरपे असताना चित्र घेतलेले असते. तिरप्या उन्हाचे महत्त्व वर्धा जिल्ह्यातल्याच खैरवाड्यासारख्या ठिकाणी कळते. तिथली महापाषाणी शिळावर्तुळे जमिनीपासून फारशी वर आलेली नाहीत. दुपारी ती विखुरलेल्या दगडांसारखी दिसतात. सूर्य कलला की प्रत्येक दगडामागे सावली लांबते आणि वर्तुळाचा आकार जुळून येतो.

डिजिटल कॅमेऱ्याने जुन्या अडचणींपैकी काही संपवल्या. काळ्या आणि पांढऱ्याचे जुने भांडण आता एकाच ठिकाणाहून कमी आणि जास्त प्रकाशाची दोन चित्रे घेऊन जुळवता येते. पळस केशरी येतो. धुण्याच्या पाण्याची चिंता नाही. जिल्ह्यातले बोर अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. तिथे आता झाडाला बांधलेले कॅमेरे माणसाशिवायच चित्रे घेतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. धनोडी-बहादरपूरच्या निम्न वर्धा धरणाचा पसरलेला जलाशय ड्रोनमधून एका चौकटीत मावतो. कडक ऊन आणि दुपारची सपाटी मात्र जिथल्या तिथे आहे. आजही आर्वीकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला सूर्योदयापूर्वी धुऱ्यावर उभे राहावे लागते.

या मुलखाचे रूप भराभर बदलले आहे. धरणाने नदीकाठ पाण्याखाली गेला, आर्वीची गाडी थांबली, कापसाच्या वावरात सोयाबीन आले. आधीचे रूप कागदोपत्री कुठे सापडेल तर ते तालुक्याच्या गावांतल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर, निगेटिव्हच्या डब्यांत आणि काचांच्या पेट्यांत. दुकान मोडताना हा माल रद्दीत जातो. काचा खरवडून तसबिरींना वापरल्या जातात. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनी ती ओलीपासून आणि उन्हापासून दूर, उभी ठेवावी; काच हाताळताना फक्त कडेला धरावी; प्रत्येक चित्राच्या पाकिटावर गाव, वर्ष आणि काढणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहावे. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर ही नावे विचारून घ्यावीत.